मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं

भाषण आप्पांनी एकहाती तयार केलं होतं, आणि तेही इंग्रजीत. लेक शैलजा जर्सी सिटीहून आली तीच मुळी नवऱ्या मुलाच्या गावाची इंटरनेटवरची सगळी माहिती छापून घेऊन, आणि दिगंबर हरवडेकरांसारख्या रिटायर्ड हेडमास्तरला तेवढं भांडवल पुष्कळ झालं. वाल्डमूलेन, जर्मनी. नदी एक, चर्चं दोन, भोवतालची चार खेडी मिळून एक ग्रामपंचायत, आणि शिवाय लाकडी खेळण्यांसाठी आसपास नाव. व्याह्यांना त्यांच्याच गावाची थोरवी ऐकवायची, म्हणजे हरवडेकर नातं जोडताना किती खोलात शिरतात हे त्यांना कळेल, असा आप्पांचा बेत होता. आठवडाभर ते मुलाच्या, राजेशच्या, अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या घरात, खाली बेसमेंटपासून मागच्या डेकपर्यंत, पुटपुटत फिरत होते.

शनिवारी दुपारी राजेशच्या मुलीचा, यामिनीचा साखरपुडा होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी टोबियासचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला आले. टोबियास यामिनीच्याच ऑफिसात सीटबेल्टचं डिझाइन करायचा, दोन वर्षं या घरात येऊन-जाऊन होता, आणि यामिनीची आई नीलांबरी हिच्या हातची अळूची भाजी मागून खायचा, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आईवडिलांचं मात्र सगळ्यांनाच दडपण होतं. एकहार्ट हा उंच, लाल चेहऱ्याचा सुतार होता आणि गावच्या अग्निशामक दलाचा प्रमुखही. गिझेला काकू हसऱ्या होत्या. दोघांनी दारात बूट काढले, तेव्हाच नीलांबरीने मनातल्या मनात त्यांना पास करून टाकलं.

पानं वाढली आणि आप्पा उभे राहिले.

"माय डिअर सर, अँड मॅडम," त्यांनी सुरुवात केली. नदी झाली, चर्चं झाली, खेळणी झाली. "अँड नाऊ, आय वेलकम द प्राइड ऑफ वाल्डमूलेन!" असं म्हणून त्यांनी एकहार्टकडे हात केला, आणि शैलजाने ठरल्याप्रमाणे लग्नपत्रिकेचा पुण्याहून आलेला नमुना त्यांच्यापुढे ठेवला. कडेला सोनेरी वेल, मधोमध गणपती, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

एकहार्टने चष्मा लावून इंग्रजी बाजू वाचली. मग चमचा खाली ठेवला.

"हे चूक आहे," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी मोजूनमापून असायचं. "मी वाल्डमूलेनचा नाही."

कुणाला काही कळेना. गिझेलाने नवऱ्याच्या बाहीला हात लावला आणि जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. "आम्ही हिर्शरोटचे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "वाल्डमूलेन तिकडे, टेकडीच्या पलीकडे. त्या लोकांशी आमचा काही संबंध नाही."

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण शैलजाला शांतता सहन होत नसे, बँकेच्या मीटिंगमध्येही नाही आणि घरातही नाही. "ओह, बट इट्स द सेम थिंग, ना?" ती हसून म्हणाली. "हिर्शरोट इज जस्ट अ पार्ट ऑफ वाल्डमूलेन. वेबसाइटवर तसंच आहे."

एकहार्टचा लाल चेहरा आणखी लाल झाला. त्याने नॅपकिनची नीट घडी घातली, नीलांबरीला "जेवण फार चांगलं आहे" असं सांगितलं आणि उठून डेकवर गेला. त्याच्यामागे टोबियास गेला. पुरणपोळी ताटात तशीच राहिली.

*

स्वयंपाकघरात नीलांबरीने तुपाची वाटी ओट्यावर आपटली. एरवी ती नणंदेला कधी उलट बोलायची नाही. "शैलजा, तू गप्प का नाही बसलीस गं?"

"वहिनी, मी फॅक्ट सांगितली! ऑफिशियल साइट आहे ती. आणि टोबियासच्या पासपोर्टवर पण वाल्डमूलेनच आहे, मी बघितलंय. मग माझं काय चुकलं?"

"तुझं काहीच चुकत नाही कधी, तोच तर प्रॉब्लेम आहे."

तेवढ्यात आप्पा आत आले. भाषण असं मध्येच कोसळल्यामुळे ते दुखावले होते, पण ते दुखणं त्यांनी लगेच तत्त्वाच्या गोष्टीत बसवून टाकलं होतं. हेडमास्तर लोकांना ही कला साधलेली असते. "शैलजाचं बरोबर आहे," ते म्हणाले. "कागदावर एक गाव आणि तोंडात दुसरं! गाव नाकारणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

"आप्पा, नाव बदलून घेऊ ना पत्रिकेत," नीलांबरी म्हणाली. "प्रेसवाल्याला ईमेल केला की झालं."

"खोटा पत्ता छापायचा? हरवडेकरांच्या पत्रिकेवर? ती पत्रिका उद्या देवापुढे ठेवायची आहे, नीलांबरी. सरकारदरबारी जे गाव आहे ते छापलं जाईल. नाहीतर मी उद्या बैठकीला बसणार नाही. तुमचं तुम्ही करा."

दारात यामिनी उभी होती. आप्पा बसणार नाहीत, हे तिने ऐकलं. लहानपणी दर उन्हाळ्यात आप्पा इथे येऊन तिला पाढे आणि श्लोक शिकवायचे. रागवायचे पण तेच, आणि आईबाबा ऑफिसात असताना ताप आला की उशाशी बसायचे पण तेच. ती डेकवर गेली आणि टोबियासला एवढंच म्हणाली, "इफ आप्पा इज नॉट देअर, आय कांट डू इट टुमॉरो. आय जस्ट कांट."

टोबियासने मान हलवली. मग त्याने सांगितलं की त्याचे वडीलही तसेच अडून बसलेत, म्हणताहेत, छापील कागदावर माझ्या नावापुढे वाल्डमूलेन असेल, तर माझं नाव काढून टाका.

*

सकाळी राजेश कॉफीचे दोन मग घेऊन व्याह्यांच्या हॉटेलवर गेला. तो चाळीस लोकांची टीम चालवायचा, पण वडिलांसमोर आजही त्याचं वाक्य पुरं होत नसे. निदान व्याह्यांसमोर तरी आपल्याला बोलता येईल, अशी त्याची आशा होती. बोलायची वेळच आली नाही. हॉटेलच्या मागे, पार्किंगला लागून झाडं होती, तिथल्या बाकावर एकहार्ट बसला होता आणि तोच बोलू लागला.

हिर्शरोट म्हणजे दीडशे घरं. त्याचे वडील तिथले सरपंच, आणि शेवटचेच. सत्तरच्या दशकात सरकारने लहान लहान खेडी एकमेकांना जोडून मोठ्या पंचायती केल्या, तेव्हा हिर्शरोट वाल्डमूलेनला जोडलं. कुणी विचारलं नाही. शाळा बंद झाली. गावाच्या वेशीवरच्या पिवळ्या पाटीवर वाल्डमूलेन मोठ्या अक्षरात आलं आणि हिर्शरोट त्याच्याखाली बारीक.

"वडील काय म्हणाले?" राजेशने विचारलं.

"काही नाही. पण वाल्डमूलेन असा पत्ता घातलेलं पत्र आलं की ते परत पाठवायचे. 'असा माणूस येथे राहत नाही' असं लिहून. पेन्शनचंसुद्धा." एकहार्टने कॉफीचा घोट घेतला. "मरेपर्यंत. आणि आता मी माझ्या एकुलत्या मुलाच्या लग्नाच्या कागदावर ते नाव घालू? सोन्याच्या अक्षरात?"

राजेशला हसू यायला लागलं. हा माणूस त्याला लहानपणापासून पाठ होता. आप्पांचं गाव हरवडे आणि शेजारचं आंबोळशी मिळून गट ग्रामपंचायत झाली आणि ऑफिस आंबोळशीला गेलं, तेव्हा आप्पा तहसील कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले होते. गट काही मोडला नाही. पण त्या ऑफिसात आप्पांनी आजतागायत पाऊल टाकलेलं नव्हतं, घरपट्टीसुद्धा ते शेजाऱ्याच्या हाती पाठवायचे.

त्याने गाडी जवळजवळ पळवतच घरी आणली आणि आप्पांना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वडिलांसमोर एवढं बोलणं सलग केलं असेल. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण त्याचा इथे काय संबंध?"

"आप्पा, तुमचं आणि आंबोळशीचं पण..."

"आमचं वेगळं!" आप्पा कडाडले. "आंबोळशीवाल्यांनी लबाडी केली होती. तुलना कुठे करतोस?"

झालं. राजेशचं वाक्य पुन्हा अर्ध्यावर राहिलं. तो बेसमेंटमध्ये खुर्च्या मांडायला निघून गेला. बाहेर शैलजाने हे सगळं ऐकलं होतं. आप्पांची बाजू घेणारी ती, पण पेन्शनचं पत्र परत पाठवणारा सरपंच तिच्या मनात घर करून बसला होता. ती हळूच नीलांबरीजवळ आली.

"वहिनी, चुकलं माझं. मी ते 'जस्ट अ पार्ट' म्हणायला नको होतं."

"आता म्हणून काय उपयोग," नीलांबरी म्हणाली, पण तिने नारळाची वाटी आणि विळी नणंदेपुढे सरकवली. दोघी शेजारीशेजारी बसल्या. या घरात समेट असाच होतो.

*

यामिनी आप्पांच्या खोलीत आली तेव्हा ते पलंगावर बसले होते. नवं धोतर शेजारी घडी करून ठेवलेलं होतं. नेसायचं की नाही हे ठरत नव्हतं, आणि ते कुणी बघू नये असं त्यांना वाटत होतं.

"आप्पा, एक विचारू? मी लहान होते ना, तेव्हा मला वाटायचं आपल्या गावाचं नाव मुपो आहे."

"काय?"

"मुपो. तुम्हाला लेटर पाठवताना बाबा मला अॅड्रेस लिहायला लावायचे. 'मु. पो.' असं पहिलं असायचं ना? मी स्कूलमध्ये सगळ्यांना सांगायचे, माय व्हिलेज इज कॉल्ड मुपो. मिस कार्टरने मॅपवर शोधलं पण होतं."

आप्पांना हसू आवरेना. खांदे हलायला लागले. "अगं वेडे, मु. म्हणजे मुक्काम. पो. म्हणजे पोस्ट."

"पण दोन्ही कशाला? एक पुरेल ना?"

"पुरेल कसं? मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं." आप्पा खुलले. शिकवायचं म्हटलं की त्यांचा राग टिकत नसे. "मुक्काम म्हणजे जिथे आपलं घर, आपली माणसं. पोस्ट म्हणजे सरकारचं टपाल जिथे येऊन पडतं ते. मोठ्या गावात दोन्ही एकच असतं, म्हणून जोडून लिहितात. बाबा आपला घाईत जोडून लिहितो, चुकीचं आहे ते. खरं म्हणजे मुक्काम हरवडे, पोस्ट आंबोळशी. आता पोस्ट आंबोळशी आहे म्हणून मी काय आंबोळशीचा..."

ते थांबले.

यामिनी काहीच बोलली नाही. तिला बोलायचं खूप होतं, पण हेडमास्तरांना उत्तर स्वतःचं स्वतःला सापडू द्यायचं असतं, एवढं ती त्यांच्याकडूनच शिकली होती. आप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोरच्या घरातला माणूस पानं गोळा करत होता.

"तुला तुझ्या बापापेक्षा जास्त कळतं," शेवटी ते म्हणाले.

"नो, आप्पा. बाबांनी सांगितलं तेच मी सांगितलं. मी फक्त मुपो घातलं त्यात."

"हं." आप्पांनी काठी घेतली. "मला त्या माणसाकडे घेऊन चल. नको, थांब, धोतर नेसतो आधी. कसाही कसा जाऊ?"

*

जावं लागलं नाही. गिझेला काकूंनी नवऱ्याला तासभर आधीच इकडे आणलं होतं, कोट घालून, बळंबळं. एकहार्ट ड्राइव्हवेमध्ये गाडीपाशीच उभा होता आणि आत यायला तयार नव्हता. आप्पा नव्या धोतरात, काठी टेकत पायऱ्या उतरले. मागे यामिनी, तिच्यामागे राजेश, आणि दारात हाताला खोबरं लागलेल्या दोघी नणंद-भावजय.

"सर," आप्पा म्हणाले, "माझ्या भाषणात चूक झाली."

राजेशने नीलांबरीकडे पाहिलं. चूक झाली हे शब्द आप्पांच्या तोंडून त्या दोघांनी कधी ऐकले नव्हते.

"आमच्याकडे पत्त्यात दोन गोष्टी असतात," आप्पा पुढे म्हणाले. ते इंग्रजीत बोलत होते, पण मुक्काम हा शब्द त्यांनी मराठीच ठेवला, आणि त्याचा अर्थ यामिनीला सांगितला तसाच सांगितला. "पोस्ट सरकार ठरवतं. सरकार बदललं की तेही बदलतं. मुक्काम कुणाच्या बापाला बदलता येत नाही." हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून मराठीतच निघालं; त्यातला बापाला हा शब्द यामिनीने इंग्रजीत जरा सौम्य करून सांगितला. "तुमच्या वडिलांनी ती पत्रं परत पाठवली. मी असतो तर मीही पाठवली असती. त्यांना माझा नमस्कार."

आणि आप्पांनी खरोखरच हात जोडले, त्या कधी न पाहिलेल्या, कधीच गेलेल्या सरपंचाला.

एकहार्टचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "मूका?" त्याने विचारलं.

"मुक्काम."

"मुक्काम हिर्शरोट," तो सावकाश म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्याने. समोरचा पानं गोळा करणारा माणूस मान वर करून बघायला लागला. "आणि पोस्ट?"

"पोस्ट वाल्डमूलेन. लिहावं लागेल, कागद खरा हवा," आप्पा म्हणाले. तिथे मात्र ते हटणार नव्हते.

"बारीक अक्षरात."

"बारीक."

"आणखी बारीक."

"शैलजा!" आप्पांनी दाराकडे हाक मारली. "प्रेसवाल्याला सांग, पोस्ट इतकं बारीक छाप की चष्मा लावल्याशिवाय दिसू नये."

"हो, आप्पा," शैलजा म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. खोबरं गालाला लागलं. नीलांबरीने ते पुसून दिलं.

सगळे आत आले. बेसमेंटमध्ये पाट मांडले होते, इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका साखरेचे पुडे सजवत होत्या, आणि शैलजा लॅपटॉप उघडून पुण्याला मेल लिहायला बसली. एकहार्ट तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. देवनागरीतलं आपल्या गावाचं नाव त्याने बोटाने दाखवायला लावलं, कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं ते. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने यामिनीकडे वळून विचारलं, "आणि तू? तुझा मुक्काम कुठला?"

आप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण प्रश्न तिला होता.

यामिनीने आधी बाबांकडे पाहिलं. हरवडेला ती चारदा गेली होती. तिथली विहीर, तिथल्या फणसाचा वास, सगळं तिला आवडायचं, पण ती तिथे पाहुणी असायची. शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. बर्फात घसरून तिचा हात मोडला तो याच ड्राइव्हवेवर.

"नोव्हाय," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सॉरी, आप्पा."

राजेशने खाली मान घातली. पंचवीस वर्षं तो या गावात होता. घर इथे घेतलं, मंडळ इथे उभं केलं, आई गेली तेव्हा रात्रभर हुंदके दिले ते इथेच. पण आप्पांच्या लेखी त्याचा पत्ता कायम एकाच शब्दाने सुरू व्हायचा. घरच्या प्रत्येक पत्रिकेवर, प्रत्येक बातमीत, श्राद्धाच्या आमंत्रणावरही. सध्या. सध्या अमेरिका. जणू तो उद्याच परत यायला निघाला आहे. तो शब्द त्याला किती लागतो, हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

आप्पा नातीकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. मान मात्र ताठ होती.

"सॉरी कशाला? मुक्काम विचारला की खरं तेच सांगायचं," ते म्हणाले. मग लॅपटॉपकडे वळले. "शैलजा, मुलीकडची ओळ आहे का तिथे? काय लिहिलंय?"

"मुक्काम हरवडे, सध्या अमेरिका."

"बदल. मुक्काम पोस्ट नोव्हाय लिही. जोडून लिही, इथे दोन्ही एकच आहे."

"अहो, पण आप्पा," शैलजा गोंधळली, "हरवडे कुठे घालू मग?"

"हरवडे आडनावात आहे," आप्पा म्हणाले. "आणि ते 'सध्या' काढून टाक."

एवढं बोलून ते आपल्या जागी जाऊन बसले आणि राजेशला शेजारी बसायची खूण केली.